घेण्याचे माप, देण्याचे माप

धान्याच्या काही व्यापाऱ्यांविषयी आपल्याकडे पूर्वापार एक तक्रार ऐकू येत असे. त्यांच्या दुकानात म्हणे दोन पायल्या असत. कुणब्याकडून धान्य घ्यावयाची एक आणि गिऱ्हाइकाला द्यावयाची दुसरी. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच दिसावयाच्या. फरक असे तो तळात. आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे तो बाजाराचा नाही. पण त्यातही दोन पायल्यांचाच व्यवहार आहे. लोक जेव्हा एखाद्या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर येतात, सत्याग्रह करतात, मोर्चा काढतात, तेव्हा त्यांच्याविषयी आपण घरी बसून जो निवाडा देतो, तो कोणत्या मापाने देतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हा निवाडा देण्याची एक ठराविक पद्धत आहे. मागणी वाईट आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. सुशिक्षित गृहस्थ म्हणतो, "मागणी न्याय्यच आहे हो, पण मार्ग चुकला." दुसरा म्हणतो, "मार्गही एक वेळ चालेल. पण ही वेळ नव्हे." तिसऱ्यास यात बाहेरच्या मंडळींचा हात दिसतो, आणि चौथा विचारतो की, दंगा झाला तर जबाबदार कोण? श्रोतेहो, यांतील एकही आक्षेप मुळात खोटा नाही. मार्ग खरोखर चुकू शकतो, वेळ खरोखर चुकू शकते. म्हणूनच हे आक्षेप इतके सोयीचे असतात. ते खोटे असते तर कोणीही क्षणात ओळखले असते. पाहावयाचे ते इतकेच, की हाच गृहस्थ हाच आक्षेप आपल्या आवडत्या चळवळीलाही घेत असे काय?

असे प्रश्न हवेत सोडविता येत नाहीत. त्यासाठी एकच देश, एकच काळ, शक्य तर एकच वाचकवर्ग असे उदाहरण हवे. असे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. १९२७ पासून पुढची दहा वर्षे महाराष्ट्रात दोन प्रकारचे सत्याग्रह शेजारी शेजारी चालले होते. एक परकीय सरकारविरुद्ध, आणि दुसरा आपल्याच गावातील पाणवठ्यासाठी व देवळासाठी.

महाडची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी १९२३ च्या ऑगस्ट महिन्यात एक ठराव मांडला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हे अस्पृश्य मानलेल्या वर्गास मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. पुढे महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली गावातील चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या तळ्यावर मुसलमान व ख्रिस्ती पाणी भरीत, गुरेढोरे पाणी पीत. परंतु महार-चांभार मंडळींस तेथे ओंजळ बुडविण्याची सोय नव्हती. १९२७ च्या मार्चच्या १९ व २० तारखांस कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. २० मार्च रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांच्या मागून परिषदेतील हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली, पाणी प्याली व परत मंडपात आली. एवढाच तो सत्याग्रह. थोड्याच वेळात गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग काठ्या निघाल्या. मंडपात जेवत बसलेल्या, गावाकडे परतणाऱ्या माणसांना गाठून गाठून मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी दूध, दही, गोमय, गोमूत्र यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द करून टाकला.

आता पहिला आक्षेप घ्या : मार्ग. "कायद्याने जावे, आततायीपणा करू नये" हा उपदेश महाडच्या मंडळींस वारंवार झाला. परंतु त्यांनी मोडला कोणता कायदा? कायदेकौन्सिलचा ठराव त्यांच्या बाजूस होता, नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूस होता. ते कायदा मोडावयास नव्हे, तर झालेला ठराव अमलात आणावयास गेले होते. याच्या उलट, तीन वर्षांनी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले तो उघड उघड, जाहीर करून केलेला कायदेभंग होता. आणि त्याची थोरवी त्यातच होती. कायदेभंगाला टाळ्या वाजविणाऱ्या हातांनीच कायदा पाळणाऱ्यांकडे बोट दाखवावे, हे विचित्र नव्हे काय? येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. खुद्द गांधीजींनी ही चूक केली नाही. महाडच्या प्रकारानंतर थोड्याच आठवड्यांत 'यंग इंडिया'त लिहिताना, कौन्सिलच्या व नगरपालिकेच्या ठरावांची कसोटी पाहण्यात डॉ. आंबेडकरांचे पाऊल सर्वस्वी योग्य होते, असा अभिप्राय त्यांनी दिला. दोन पायल्या गांधीजींच्या नव्हेत. त्यांचे नाव घेणाऱ्या पुष्कळांच्या होत्या.

वेळेविषयीचा आक्षेप तर आणखी मौजेचा आहे. १९३० च्या मार्चची २ तारीख आपण दोन ठिकाणी पाहू. त्या दिवशी साबरमतीच्या आश्रमातून गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिले की, मागण्या मान्य न झाल्यास मिठाचा कायदा मोडण्यात येईल. त्याच दिवशी नाशकास हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक काळारामाच्या देवळाकडे निघाली, आणि देवळाचे सर्व दरवाजे बंद करून घेण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी बसली. मग म्हणू लागले की, सारा देश स्वातंत्र्याच्या लढ्यास उभा राहत असता या लोकांनी घरचे भांडण काढावे काय? ही का वेळ?

हे वाक्य आपण कोठे ऐकले आहे बरे? पहिल्या महायुद्धाच्या काळात होमरूलची मागणी करणाऱ्यांना सरकार हेच सांगत होते. साम्राज्य संकटात असता हक्कांची भाषा कसली, अशी ती तक्रार होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, पुन्हा तेच. तेव्हा आपण उत्तर देत होतो की, बंधनात असलेल्या माणसाला मोकळे होण्यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही. उत्तर बिनतोड होते. मग ते नाशकास लागू का पडू नये? नाशिकचा सत्याग्रह, मध्ये खंड पडत पडत, सुमारे पाच वर्षे चालला. त्या पाच वर्षांत मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि थांबला, गोलमेज परिषदा झाल्या, तुरुंग भरले आणि रिकामे झाले. देवळाच्या दाराशी बसलेल्यांसाठी योग्य वेळ मात्र त्यांतील एकाही महिन्यात आली नाही. जी वेळ कधीच येत नाही तिच्यासाठी थांबावयास सांगणे हा उपदेश नव्हे. तो नकार आहे. फक्त नकार देणाऱ्यास तो उच्चारण्याचा संकोच वाटतो, इतकेच.

बाहेरच्या मंडळींविषयीचा आक्षेप लवकर आटोपतो. १९२८ साली बार्डोलीत सारावाढीविरुद्ध शेतकरी उभे राहिले तेव्हा मुंबई सरकारने वल्लभभाई पटेलांना व त्यांच्या सहकाऱ्यांना 'बाहेरचे' म्हटले. वल्लभभाईंनी सरकारला खरमरीत जबाब दिला आणि देशाने सरकारला हसून घेतले. आपल्याच देशात माणूस बाहेरचा कसा? पण महाडास हाच शब्द चालला. वास्तविक परिषदेची खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे त्याच भागातले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस महाडचेच, आणि ते तर स्पृश्य वर्गातले. ज्यांना आपल्या गावचे पाणी पिता येत नव्हते, ते गावचे होते की बाहेरचे, याचा निर्णय मात्र पाण्यावर बसलेले करणार!

आता मी माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. मी आयुष्यभर मुलांना मराठीचे व्याकरण शिकविले. क्रियापदाशी लिंगवचनाने कोण जुळतो, वाक्यात करणारा कोण, हे शोधून काढणे हा आमचा रोजचा उद्योग. ती सवय निवृत्तीनंतरही जात नाही. वर्तमानपत्र हाती घेतले की डोळा आपोआप करणाऱ्याचा शोध घेऊ लागतो. आणि असे दिसते की, चळवळींच्या बातम्यांत करणारा कधी लख्ख समोर उभा असतो, तर कधी बेपत्ता असतो. १९३० च्या मे महिन्यात धारासण्यास मिठागरावर जाणाऱ्या सत्याग्रहींची डोकी फुटली. त्याविषयी आपण आजही म्हणतो, "पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले." करणारा कोण, हे तृतीया विभक्तीत स्वच्छ सांगितलेले आहे. महाडविषयी बोलताना मात्र म्हणतो, "महाडास दंगल झाली." पाहा, या वाक्याचे व्याकरण पाहा. येथे दंगल हीच कर्ता! कोणी केली नाही, कोणावर केली नाही. जणू अवकाळी पाऊस व्हावा तशी ती झाली. आणि एकदा दंगल आपली आपण झाली, की पुढचे वाक्य तयार असते : "ते तळ्यावर गेले नसते तर ती झाली नसती." म्हणजे मारणारा वाक्यातून निघून गेला, आणि मार खाणारा त्या रिकाम्या जागी येऊन बसला. धारासण्याविषयी कोणी म्हटले असते काय की, "सत्याग्रही मिठागराकडे गेलेच नसते तर लाठीमार झाला नसता"? म्हटले असते तर त्याला आपण सरकारचा बगलबच्चा ठरविले असते.

वस्तुस्थिती काय होती? महाडला हल्ला झाला तेव्हा परिषदेस आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक होते. हात उचलावयाचा म्हटले असते तर त्यांना शिकवावे लागले नसते. त्यांच्या पुढाऱ्याने त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. पुढे खटला होऊन हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. करणारा कोण, हे न्यायालयाने शोधून काढले होते. तो हरवला तो आपल्या बोलण्यात. नाशकातही १९३० च्या ९ एप्रिलला रामाच्या रथाच्या वेळी तेच घडले. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढावा असे ठरले असता तो परस्पर पुढे नेण्यात आला, दगड आले, आणि डॉ. आंबेडकरांसह अनेकांस ते लागले. "दगड आले" असे मीही आता म्हटले खरे. ते सनातनी जमावाने फेकले, असे म्हणतो म्हणजे वाक्य पुरे होईल.

दहनाची गोष्टही अशीच आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडास दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेस तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पुष्कळ विचारी माणसांनाही हे कृत्य रुचले नाही. ग्रंथ जाळणे हे मलाही, एक शिक्षक म्हणून, सहज पचत नाही, हे मी लपवीत नाही. परंतु माप एकच ठेवावयाचे तर मला आणखी काही आठवले पाहिजे. १९०५ साली पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली. १९२१ च्या ३१ जुलैस मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते फार मोठी होळी झाली. त्याही वेळी रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या माणसाने विचारले होते की, देशात उघडी माणसे असता कापड जाळता कसे? त्यावर आपले उत्तर असे की, जळते ते कापड नव्हे, दास्याची खूण जळते. डॉ. आंबेडकरांनी आपल्या टीकाकारांस नेमके हेच दाखवून दिले. परदेशी कापड जाळून जे साधावयाचे ते तुम्हांस समजते, तर मनुस्मृती जाळून काय साधावयाचे तेही समजले पाहिजे. ज्याला दोन्ही होळ्या नापसंत आहेत त्याच्याशी माझे भांडण नाही. रवींद्रनाथांस पहिली रुचली नाही. तशा माणसास दुसरी रुचली नाही तर ते सुसंगत होईल. एका होळीभोवती फेर धरून दुसरीवर पाणी घेऊन धावणाऱ्याविषयी मी बोलत आहे.

येथे मला एक अनपेक्षित माणूस बरा वाटू लागतो, तो म्हणजे उघड विरोधक. महाडच्या काही सनातनी गृहस्थांनी १९२७ च्या डिसेंबरात दिवाणी न्यायालयात दावा लावला की, अस्पृश्यांस या तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट पूर्वापार आहे, आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पण त्यांनी आपले म्हणणे मांडले तरी. त्याला पुरावा देण्याची जबाबदारी घेतली. हरण्याची जोखीम पत्करली. "मागणी मान्य, पण..." असे म्हणणाऱ्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. त्याचा 'पण' हा असा साक्षीदार आहे की जो उलटतपासणीस कधी उभाच राहत नाही.

हा रोग केवळ आपल्या समाजाचा नव्हे, हे सांगण्यासाठी क्षणभर विलायतेस जाऊ. तेथे स्त्रियांनी मताचा हक्क मागावयास चळवळ चालविली होती. १९१२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टल येथे हॉबहाउस नावाच्या मंत्र्याने भाषणात म्हटले की, पूर्वी पुरुषांच्या मताधिकारासाठी जसा लोकक्षोभ झाला, नॉटिंगहॅमचा किल्ला जाळण्यापर्यंत गोष्ट गेली, तसा काही क्षोभ या मागणीमागे दिसत नाही. बरे तर, पुढच्याच महिन्यात त्या बायांनी लंडनच्या पेठेतील दुकानांच्या काचा फोडल्या. तेव्हा तोच वर्ग ओरडू लागला की, अशा अत्याचारी बायांना मत द्यावयाचे कसे! गप्प राहिल्या तर तळमळ नाही, ओरडल्या तर पात्रता नाही. त्याच सुमारास, १९१४ च्या एप्रिलात, आयर्लंडच्या उत्तर भागातील पुरुषांनी आयरिश स्वराज्याला विरोध करण्यासाठी हजारो बंदुका चोरून आणविल्या. त्यांच्यापैकी कोणावरही खटला झाला नाही. काचा फोडणाऱ्या स्त्रिया तुरुंगात, आणि त्या बंदूकवाल्यांचे पुढारी सर एडवर्ड कार्सन पुढच्याच वर्षी सरकारचे मुख्य कायदेपंडित म्हणून मंत्रिमंडळात! मिसेस पँखर्स्ट यांनी हा भेद जाहीरपणे दाखविला, आणि त्यास समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हते.

परत महाडकडे येतो. एकच माप ठेवणे बोलण्याइतके सोपे नाही, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाही ते महाग पडते, याचा एक दाखला तेथेच आहे. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर या सत्याग्रहास पाठिंबा द्यावयास तयार होते. अट एवढीच की, त्यात ब्राह्मणांस घेऊ नये. मनुष्यबळाची व पाठिंब्याची त्या वेळी किती गरज होती! तरी डॉ. आंबेडकरांनी ती अट नाकारली. जन्मावरून माणसास दूर ठेवू नका हे ज्याचे मागणे, त्याने जन्मावरूनच सोबती निवडावयाचे, हे त्यांना मंजूर नव्हते. लढा ब्राह्मणांशी नसून ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका. तोट्याचा सौदा होता. पण पायली बदलली नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, सर्व चळवळी सारख्याच मानाव्यात, तर तसे मी म्हणत नाही. जेथे गोष्टी खरोखर निराळ्या आहेत तेथे निवाडा निराळा असलाच पाहिजे. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथे जमावाने पोलिसांना चौकीसकट जाळले तेव्हा गांधीजींनी स्वतःची, ऐन भरात आलेली चळवळ थांबविली. अनुयायी रागावले, सरकारने आमचे कितीतरी लोक मारले त्याचे काय, असे विचारू लागले. तो प्रश्न खरा असला तरी चौरीचौऱ्याचे ते उत्तर होत नव्हते. म्हणूनच "तेव्हा तुम्ही कोठे होता?" हे आजकाल फार वापरले जाणारे हत्यारही मला पसंत नाही. काल जो गप्प बसला तो आज खरे बोलत असू शकतो. दुसऱ्याचे दुटप्पी वागणे सिद्ध केल्याने आपल्या बाजूने केलेली जाळपोळ धुऊन निघत नाही. आपले माप तपासून पाहावयाचे असेल तर त्याला मोठी विद्वत्ता लागत नाही. बातमीतील नावे मनात बदलून पाहावीत. मोर्चा आपल्या पक्षाचा असता, डोके आपल्या मुलाचे फुटले असते, तर हेच वाक्य तोंडातून आले असते काय? येत असेल तर बेलाशक म्हणावे.

अलीकडची एक गोष्ट सांगतो. २०१८ सालच्या ६ मार्चला नाशकाहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, पायी मुंबईस निघाले. सुमारे १८० किलोमीटरांची चाल, तीही ऐन उन्हाची. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, कर्जातून सुटका व्हावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ११ तारखेस ते मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून ही दमलेली माणसे, कित्येकांच्या पायांची सालटी निघालेली, विश्रांती सोडून रात्रीच चालत आझाद मैदानावर गेली. मुंबईकरांनी त्यांना अन्न दिले, पाणी दिले, पायांत घालावयास चपला दिल्या. परीक्षेची धास्ती काय असते हे मी जन्मभर पाहिले असल्याने ती बातमी वाचून मला भरून आले. पण पुढे चार ठिकाणी या मोर्चाची स्तुती ऐकली ती अशी : "मोर्चा असावा तर असा, आपल्याला काही त्रास झाला नाही." त्यांची मागणी काय होती, असे विचारले तर बहुतेकांस सांगता येईना. वनजमिनींचा कायदा २००६ सालचा; बारा वर्षांनंतरही त्यासाठी चालत यावे लागले, याची दाद कोणी घेतली नाही. आणि हे कौतुक करणारे आपणच लग्नाच्या वरातीने, उत्सवांच्या मिरवणुकांनी, पुढाऱ्यांच्या सत्कारांनी रस्ते अडविले तर ती अडचण मुकाट्याने सोसतो, पुष्कळदा तिच्यात नाचतोही. रुग्णवाहिका अडकली तर ती वरातीतही अडकते आणि मोर्चातही अडकते. दोन्ही ठिकाणी राग यावा, हे मला समजते. आपल्याला तो मोर्चातच येतो.

महाडच्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे मी मुद्दाम राखून ठेविले होते. मनाईहुकूम आला तेव्हा, १९२७ च्या डिसेंबरात, सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारो लोकांनी तो पाळला. तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्याला स्पर्श न करता ते परतले. "कायद्याने जावे" हा उपदेश त्यांनी अशा रीतीने अक्षरशः मानला. कायद्याने जावयास मग किती काळ लागला? महाडच्या न्यायालयात १९३१ साली दाव्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने झाला. वादींनी ठाण्यास अपील केले. ते १९३३ साली फेटाळले गेले. तेव्हा ते मुंबईच्या हायकोर्टात गेले. तेथे अपील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे आले.

ब्रूमफील्ड हे नाव श्रोत्यांपैकी काहींस ओळखीचे वाटेल. १९२२ च्या १८ मार्चला अहमदाबादेस गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश तेच. कायदा मोडल्याचे आरोपीने स्वतःच मान्य केले होते. न्यायाधीशांनी आदराचे शब्द बोलून शिक्षा मात्र दिली. पुढे बार्डोलीच्या सारावाढीची चौकशी करावयास सरकारने दोघा अधिकाऱ्यांस नेमिले, त्यांतील एक पुन्हा ब्रूमफील्ड. शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे असे त्यांना आढळले, आणि बावीस टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणावी असे त्यांनी सुचविले. तिसऱ्या वेळी त्यांच्यापुढे चवदार तळे आले. त्यांनी वादींस विचारले ते इतकेच, की अस्पृश्यांस वगळण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे म्हणता, तर तिचा पुरावा काय? पुरावा पुरेसा ठरला नाही, आणि अपील खर्चासह फेटाळण्यात आले. निकालाची तारीख १७ मार्च १९३७. त्या तळ्याची ओंजळ भरून घेतल्यास दहा वर्षे होत आली होती. तीन दिवस तेवढे कमी होते.